चौथ्या नंबरचा डबा

नव्या औषधाने सगळ्यांत बरी झालेली बाई सकाळी घरच्या न्हाणीघरात बेशुद्ध सापडली. खाली रक्त.

औषधाची ती पहिलीच चाचणी. मोठ्या आतड्याला जखमा झालेले बारा रुग्ण. त्यातल्या या चौथ्या नंबरच्या बाईचे तिन्ही आठवड्यांचे मलाचे रिपोर्ट मात्र निरोगी माणसासारखे. त्यांच्या जोरावर उद्यापासून बाकीच्यांना दुप्पट डोस द्यायचा होता. डॉक्टरांनी घाईने तपासनीस बाईंना बोलावलं.

बाई दवाखान्यात शुद्धीवर आली होती. तपासनीस बाई आधी तिच्या खाटेशी गेल्या. नवरा बायकोचा हात धरून बसला होता.

"दुखणं परत कधी सुरू झालं?"

"थांबलंच कुठे होतं? वहीत रोज लिहिलंय. पण हे म्हणायचे, रिपोर्ट चांगलाय, तुझ्या मनाचे खेळ आहेत. शेवटी मलाही तसंच वाटायला लागलं."

"रक्त दिसायचं?"

"लोहाच्या गोळ्या चालू आहेत ना. त्यांनी महिनाभर शौचाला सगळं काळंच. काय कळणार?"

"नमुना कोण भरायचं?"

"मीच. हे कामावर जाताना पोचवायचे."

"मी आपला हमाल," नवरा हसला. "झाकणाला हातसुद्धा लावला नाही."

प्रयोगशाळेच्या खिडकीशी डबे घेणारी मावशी बसली होती.

"मावशी, चौथ्या नंबरचा डबा आठवतो?"

"न आठवायला काय झालं? लोक हिरे पारखतात, माझ्या नशिबी हे! डबे पारदर्शक. तिचा अगदी पिवळा, घट्ट. मी डबा आणणाऱ्या तिच्या साहेबांना म्हटलंसुद्धा, वहिनींना औषध मानवलं हो."

"घरी डबा एकच देता?"

"दोन. एखादा सांडला तर?"

तपासनीस बाईंनी तिथूनच डॉक्टरांना दुप्पट डोस थांबवायला सांगितलं आणि त्या खाटेशी परतल्या.

"बाईंनी भरलेला नमुना काळा. मावशींच्या हाती आला तो पिवळा. म्हणजे अदलाबदल प्रयोगशाळेत नाही, वाटेत झाली. जास्तीचा डबा घरात होताच. आणि वाटेत हमाल एकच."

नवऱ्याने मान खाली घातली.

"औषध लागू पडलं नाही तर आतडं काढणार होते. पोटाला जन्मभर मलाची पिशवी. मला नसतं बघवलं."

"कुणाचा होता तो नमुना?" बायकोने विचारलं.

"माझा."

तिने हात सोडवून घेतला.

"मी पोट दाबून बसायचे आणि तुम्ही माझ्या मनाला बोल लावायचात. तुम्हाला ठाऊक होतं."

सिस्टर ऑपरेशनच्या संमतीचा कागद घेऊन आल्या. नवऱ्याने सवयीने खिशातलं पेन पुढे केलं.

बाईने तपासनीस बाईंपुढे हात पसरला.

"तुमचं द्या."