बिनजोडाक्षराची मागणी

या माणसाची वागणूक मला पटलेली नाही, हे आधीच सांगून ठेवते. मागणी घालायची तर समोर उभं राहून घालावी, नाहीतर मध्ये कुणाला तरी घालावं. पण बाईच्याच तोंडून तिचाच होकार वाचून घ्यायचा आणि तिला पत्ताही लागू द्यायचा नाही — ही कुठली तऱ्हा? अठ्ठावन्न वर्षांत मला कुणी फसवलं नाही. कापसाच्या दलालांनी प्रयत्न केले. ते अजून माझ्या दुकानावरून मान खाली घालून जातात.

आणि जग या माणसाला शूर बाप म्हणतं! पोरींनो, तुम्हीही म्हणत असाल. म्हणून सगळं सांगते.

माझं गाद्या-रजयांचं दुकान. नवरा गेल्याला एकोणीस वर्षं झाली, तेव्हापासून मीच चालवते. हल्ली कापड कापायला सून बसते. एका दुपारी भुरभुर पावसात हा आत आला. उंच, खांद्यात जरासा वाकलेला, साठीचा. ओली छत्री दाराबाहेर नीट उभी करून ठेवली. तेवढं एक मला बरं वाटलं.

"जाड रजया हव्यात. सहा," तो पुटपुटला.

"घरात माणसं किती?"

"एक... मीच."

"एका माणसाला सहा रजया? हुडहुडी भरलीय का?"

"पांघरायला नाहीत. भिंतींना लावायच्यात." मग खाली बघत, "आवाज बाहेर जायला नको."

माझी सुई थांबली. एकटा माणूस, सहा रजया, आणि आवाज बाहेर जायला नको! "अहो, असं करता तरी काय घरात?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मी... मी बाप आहे."

सून कात्री टाकून उठली. "आई! हा राखणदाराचा आवाज आहे!"

राखणदार म्हणजे सुनेच्या व्हिडिओ गेममधला बाप. रोल-प्लेइंग गेम म्हणतात त्याला. जळालेल्या नगरात एक अनाथ पोर असते. खेळणाऱ्यानं तीच पोर व्हायचं. राखणदार तिचा मानलेला बाप. तिला पाठीवर घेऊन बर्फाचे डोंगर चढतो, उडत्या सापांशी लढतो, तिचे घाव आपल्या अंगावर घेतो. आगीतून चालत येतो, तरी दाढीचा एक केस जळत नाही. माझी सून माझ्यासमोर आजवर एकदाही रडलेली नाही, पण राखणदाराला बाण लागला की उशीत तोंड खुपसते. त्या राखणदाराला आपल्या भाषेत बोलतं करायचं काम हा माणूस घरी बसून करत होता. पूर्वी बसस्थानकावर गाड्या पुकारायचा. बायको जाऊन नऊ वर्षं झालेली, मूलबाळ नाही.

रजया लावायला मी स्वतः गेले. माझ्या रजईला कुणी खिळा ठोकलेला मला चालत नाही; वरच्या कडेला नाड्या शिवून नेल्या होत्या. खोली एवढीशी. एक खुर्ची, एक माईक, कागदांचा गठ्ठा. रजया टांगल्या, दार लावलं, आणि बाहेरचा रस्ता कुणी पुसून टाकावा तसा गप्प झाला.

"बघू हं, कसं वाजतंय..." म्हणत तो माईकशी वाकला.

"माझ्या लेकीला हात लावायचा, तर आधी हा डोंगर ओलांड. आणि हा डोंगर मी आहे."

माझ्या अंगावर काटा आला. जमिनीतून आल्यासारखा आवाज! वळून बघते, तर पुन्हा तोच वाकलेला माणूस. "बरं होतं का?"

"बरं होतं. पण असा आवाज असताना दुकानात उंदरासारखे का बोलत होता?"

"तिथं... लिहिलेलं नव्हतं ना काही."

मग त्यानं एक कागद माझ्यापुढं धरला. लेकीचं वाक्य कुणी वाचलं की मला उत्तर देणं सोपं जातं, म्हणाला.

इथं माझी पंचाईत झाली. शाळा माझी दुसरीतच सुटली. सुटी अक्षरं बोटानं चाचपत वाचते. जोडाक्षर आलं की पाय घसरतो. हे कुणाला ठाऊक नाही, सुनेलाही नाही. चष्मा विसरला म्हणायला तोंड उघडलं, आणि का कोण जाणे, वाचायलाच लागले. "बा...बा, पु...ढं..." पुढं 'रस्ता' होता. त्यात रुतले. आता हा हसला, तर रजया काढून घरी नेईन, असं मनाशी ठरवलं.

तो हसला नाही. वाट बघत राहिला. मग म्हणाला, "अशीच वाचा. घाबरलेलीच आहे ती."

"मी घाबरलेली नाही!"

"तुम्ही नाही हो. ती पोर."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. टाके उसवलेत का बघायला, असं सुनेला सांगितलं. तिसऱ्या दिवशी नाड्या बघायला. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "आई, आज काय सैल झालंय?" उत्तर द्यायच्या लायकीचा प्रश्न नव्हता.

तर अशी मी त्याची लेक झाले. रोज दुपारी तो मला 'बाळा' म्हणायचा, 'माझ्या चिमणे' म्हणायचा. अठ्ठावन्न वर्षांची चिमणी! सर जोरात आली की पत्र्याचा आवाज माईकमध्ये शिरायचा, काम थांबायचं. मग आम्ही चहाचे कप घेऊन बसायचो. तो माझ्या बोटांकडे बघायचा. सुयांनी टोचलेली बोटं, काय बघायचंय त्यांत?

"काय बघता?"

"काही नाही... पाऊस थांबला का ते."

"पाऊस माझ्या बोटांत आहे?"

"थांबू नये असं वाटतंय," तो कपाला म्हणाला. कपाला! समोर मी बसले होते.

महिन्याभरानं लक्षात आलं, मी आता अडखळतच नव्हते. वाचन सुधारलं म्हणून मनात फुशारले. घरी औषधाच्या खोक्यावरचं वाचायला गेले, तर तिसऱ्याच शब्दाला आपटले. मग त्याच्याकडच्या छापील गठ्ठ्याशी माझा कागद ताडून बघितला, तेव्हा कळलं. पहिला दिवस सोडला, तर माझे कागद छापलेले नसायचेच. तो रोज सकाळी लेकीची वाक्यं मोठ्या अक्षरांत हातानं उतरवायचा, आणि त्यात एकही जोडाक्षर येऊ द्यायचा नाही. 'रस्ता' काढून 'वाट'. 'शत्रू' काढून 'वैरी'. 'अश्रू' काढून 'आसवं'.

राग आला. मी काय दया मागितली होती? कागद मात्र टाकले नाहीत. गादीखाली ठेवले. का, ते विचारू नका.

आणि मग तो दिवस. "आज नवीन भाग आलाय," म्हणाला. कागद माझ्यापुढं धरला. मी खुर्चीत बसले, आणि त्यानं राखणदाराच्या आवाजात विचारलं, "माझी होशील?"

मला वाटलं, राखणदार त्या अनाथ पोरीला विचारतोय, माझी लेक होशील का. बोट ठेवून वाचू लागले.

"हो. म...ला तू आ-व-ड-तो-स." असेल, लाडात आली असेल पोर. "रो...ज दु-पा-री मी तु-झी वा-ट ब-घ-ते."

दुपारी? बर्फाच्या डोंगरावर कसली दुपार? पण माझं बोट एकदा सुटलं की ओळ संपल्याशिवाय थांबत नाही. "आ...ता म-ला तु-झी हो-ऊ-न रा-हा-य-चं आ-हे."

वर बघितलं. तो माझ्याकडे बघत होता. पहिल्यांदाच, सरळ.

"हे गेममध्ये आहे?"

"नाही... हे मी..."

"माझं उत्तरही तुम्हीच लिहिलंत?"

"म्हटलं, तुम्हाला सोपं जाईल."

"सोपं! आणि यात लग्नाचं नाव कुठंय? गेलाबाजार प्रेम तरी?"

तो अगदी बारीक आवाजात म्हणाला, "त्यात जोडाक्षर आहे. दोन्हींत."

हसू नका, पोरींनो. मी कागद त्याच्या हातात कोंबला. "मला वाचता येत नाही, पण ऐकता येतं! तोंडानं सांगायला काय झालं होतं, बहिरी समजलात?" आणि चपला उलट्या घालून निघाले.

आठ दिवस फिरकले नाही. दुपार नुसती खायला उठायची. राग कशाचा होता सांगू? कागदावरचं एक अक्षरही खोटं नव्हतं. पण ते मी म्हणायचं होतं. इतक्या वर्षांनी एक वाक्य माझ्या मनातून उठलं, तेही आधीच दुसऱ्याच्या अक्षरात?

"आई," सून म्हणाली, "गेमचा पुढचा भाग लांबलाय. राखणदाराचा आवाज बसलाय म्हणे."

माझा टाका चुकला. "बसू दे."

"आई, तुम्हाला ते आवडतात का?"

"ते त्यांनी लिहून ठेवलंय. त्यांना विचार."

नवव्या दिवशी तो दुकानात आला. भर दुपारी, सून आणि कापूस पिंजणाऱ्या दोघींच्या देखत. दारातूनच राखणदाराचा आवाज लावला, "मालकीणबाई!" पिंजणाऱ्या दोघी दचकून उभ्या राहिल्या.

"हा आवाज नको," मी म्हटलं. "हा हजार पोरांचा बाप आहे. तुमचा काढा. आणि कागद असेल तर खिशातच राहू दे."

"कागद नाही."

"बोला मग."

आवाज चिरका निघाला. "मला तुमच्याबद्दल... प्... प्..." कपाळावर घाम आला. सून काही बोलायला गेली, तिला मी डोळ्यांनीच खाली बसवलं. अडखळणाऱ्याला वेळ द्यावा लागतो. मी सुई हातात धरून थांबले. "...प्रेम वाटतं. माझ्याशी ल... लग्... लग्न कराल का? नाही म्हणालात तरी चालेल. म्हणजे, चालणार नाही! पण जे असेल ते तुमचं असू दे. मी लिहिलेलं नको."

कापसाचा एक तंतू उडत येऊन त्याच्या भुवईवर बसला. काढायला हात शिवशिवला, पण आवरला. आधी निकाल.

मी उठले, पदर सारखा केला, आणि रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं सांगितलं:

"तुम्ही आगाऊ आहात. भित्रे आहात. आणि बाईला विचारायची रीत तुम्हाला साठीत शिकवावी लागली. यातलं काहीही मी विसरणार नाही. माझं उत्तर हो आहे. पण उद्यापासून लेकीची वाक्यं माझ्या सुनेकडून वाचून घ्या. नवऱ्याला 'बाबा' म्हणायला माझी जीभ वळायची नाही!"