रद्द करू का?

काम तसं वीस मिनिटांचं होतं. सुट्टीचा दिवस, दुपारचे तीन वाजायला आलेले, हॉस्पिटलचे खालचे दोन मजले ओस पडलेले. तिसऱ्या मजल्यावरच्या हृदयरोग वॉर्डात नऊ नंबरच्या खाटेवर तिच्या सासूबाई होत्या. परवाच ऑपरेशन झालेलं. नवरा शेजारच्या स्टुलावर बसून पेपरातलं राशिभविष्य दुसऱ्यांदा वाचत होता. चहा निवायच्या आत येते, असं त्याला सांगून ती उठली.

तिची नोकरी याच हॉस्पिटलात होती, कॉम्प्युटर विभागात. नोकरीला आठ महिने झाले होते आणि लग्नाला तीन. त्यामुळे इथे ती ‘नवीन मॅडम’ आणि घरी ‘नवी सून’. दोन्हीकडे लोक तिला वस्तू कुठे ठेवल्यात ते सांगत, का ठेवल्यात ते कोणी सांगत नसे.

"खाली काय करणार आहेस?" सासूबाईंनी पडल्यापडल्या विचारलं.

तळघरातला सर्व्हर वॉर्डातल्या सगळ्या मॉनिटरांच्या रेषा सिस्टरांच्या टेबलावरच्या पडद्यावर आणतो, त्याचा कर्नल बदलायचाय, असं तिनं सांगितलं. नवा टाकायचा, मशीन एकदा बंद करून चालू करायचं आणि जुने कर्नल काढून टाकायचे.

"कर्नल? सैन्यातला?"

"नाही आई. मशीन सुरू झालं की आत सगळ्यात आधी जो जागा होतो, तो. मग तो बाकीच्यांना एकेक करून उठवतो."

"म्हणजे घरातली बाई म्हण की," सासूबाई म्हणाल्या, आणि टाके दुखतील म्हणून हसू गिळून टाकलं.

सासूबाई तिला आवडत. फक्त त्यांचे प्रश्न उलटे असत. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, "तुला दूध नको ना?" तिला हवं होतं. म्हणून ती म्हणाली, "नाही." म्हणजे, नको असं काही नाही. सासूबाईंनी ऐकलं ते नाही म्हणजे नाही. चार दिवस तिला दूध मिळालं नाही आणि नवी असल्यामुळे मागताही आलं नाही. आताही ती दारापर्यंत गेली तसा मागून प्रश्न आला, "तुला उशीर तर होणार नाही ना?" तिनं दोन्ही उत्तरं मनात चाचपली आणि नुसतीच मान हलवली.

तळघरातली सर्व्हरची खोली न्हाणीघराएवढी होती. पंख्यांचा आवाज इतका एकसारखा, की थोड्या वेळानं तो ऐकू येईनासा होई आणि कानांत दडे बसल्यासारखं होई. थंडगार हवा, तापलेल्या तारांचा वास आणि त्याखाली फार जुना, पुसटसा, डोकेदुखीच्या बामचा वास. तो मास्तरांचा.

मास्तर म्हणजे तिच्या आधी हे काम करणारे. सगळ्यांच्या चुका लाल पेननं दुरुस्त करायची खोड, म्हणून मास्तर. इथल्या गारठ्यानं त्यांचं डोकं धरायचं, तेव्हा कपाळाला बाम चोपडून बसत. त्यांनी तिला तीन आठवडे शिकवलं आणि एका सकाळी इथेच खुर्चीत छातीला हात लावून बसले. तिसऱ्या मजल्यावर नेलं. पाच दिवसांनी गेले. खाट नंबर नऊ.

सासूबाईंनाही तीच खाट मिळाली होती. हॉस्पिटलात खाट म्हणजे खाट. पण चादर नीट करण्याच्या निमित्तानं तिनं गादीवरून एकदा हात फिरवून घेतला होता.

मास्तरांची वही तिथेच कपाटावर होती. पहिल्या पानावर, लाल अक्षरात, दोनच ओळी.

चालू आहे तो काढू नये.
जुना एक नेहमी ठेवावा.

मशीनवर पाच कर्नल पडून होते. सगळ्यात जुना सत्तेचाळीस नंबरचा. मशीन शेवटचं सुरू केलं होतं ते मास्तरांनी, छातीत कळ यायच्या आदल्या दिवशी, आणि तेव्हापासून ते सत्तेचाळीसवरच चालू होतं. नंतर तिनं चार नवे आणून ठेवले, पण मशीन बंद करायला वॉर्ड परवानगी देईना. हृदयाचे पेशंट, पडदा काळा कसा करायचा? आज मोठ्या डॉक्टरांनी तीन ते तीन वीस एवढा वेळ दिला होता. तेवढ्यात दोन सिस्टर खाटांमधून फिरत, मनगटं धरून नाडी बघणार होत्या.

नव्या कर्नलला जागा पुरेना. डिस्कचा एक छोटासा कोपरा त्यांच्यासाठी राखलेला असतो, तो भरला होता. मग आधी जुने काढायला हवेत. तिनं हुकूम टाईप केला. घाईत तो जरा सैल लिहिला गेला आणि त्यात सत्तेचाळीसही सापडला.

मशीन थांबलं. अशा वेळी ते विचारतं. इंग्रजीत विचारतं, पण मराठीत सांगायचं तर असं: हा कर्नल आत्ता चालू आहे. काढणं रद्द करू का?

त्याच क्षणी नवऱ्याचा फोन आला. आईला कसंतरी होतंय, घाम आलाय, तू ये ना लवकर. फोन खांद्यानं कानाशी धरून तिनं पडद्याकडे पाहिलं. डोळ्यांनी ‘चालू आहे’ वाचलं, ‘काढणं’ वाचलं. बोटांनी घाईघाईनं उत्तर दिलं.

नाही.

ओळी भराभर सरकल्या. काढला. काढला. काढला. काढला. काढला.

फोन ठेवल्यावर तिला प्रश्न नीट दिसला. उलटा होता. काढू नको म्हणायचं तर ‘हो’ म्हणायला हवं होतं.

मशीनला मात्र काही झालं नव्हतं. पंखे तसेच फिरत होते. कर्नल एकदा उठला की तो मशीनच्या स्मृतीत असतो. खालून त्याची फाईल काढली तरी त्याला पत्ता लागत नाही. काम करत राहतो. फक्त एकदा डोळे मिटले की परत उठायला त्याला जागा उरत नाही. आत्ता मास्तरांचा सत्तेचाळीस तसा होता. काढून टाकलेला आणि चालू.

तो परत मिळवायची सोय नव्हती, इतका जुना. जागा मोकळी झाल्यावर नवा मात्र बसला. झालं, असं मशीन म्हणालं. घड्याळात तीन बारा. आज नाही तर पुन्हा परवानगी कधी मिळेल कोण जाणे. तिनं वॉर्डात फोन लावला.

"सिस्टर, बंद करतेय. दोन मिनिटं."

"करा मॅडम. तुमच्या सासूबाईंजवळच मी आहे. नाडी जरा पळतेय, पण आहे."

तिनं मशीन बंद केलं.

पंखे हळूहळू मंदावले आणि थांबले. आठ महिन्यांत ही खोली तिनं गप्प झालेली ऐकली नव्हती. त्या शांततेत तिला आधी स्वतःचा श्वास ऐकू आला. मग छताच्या नळातून पाणी सरकल्याचा आवाज. मग खुर्चीची करकर. ती उभी होती. खुर्ची तिच्या मागे होती. आणि बामचा वास आता पुसटसा नव्हता, कोणी नुकतीच डबी उघडल्यासारखा होता.

तिनं मागे पाहिलं नाही. पंखे पुन्हा घरघरले, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण पडदा चार ओळींवर येऊन थांबला आणि तिथेच राहिला. नवा कर्नल अर्धवट बसला होता. उठत नव्हता.

फोन वाजला. सिस्टरचा आवाज खाली आलेला. "मॅडम, पडदा काळाच आहे… लवकर करा. नऊ नंबरची नाडी मला नीट लागत नाहीये… मी डॉक्टरांना बोलावलंय."

मशीन तिनं बटण दाबून पुन्हा बंद केलं, पुन्हा चालू केलं. सुरुवातीला एक यादी येते, कोणाला उठवू म्हणून. यादीत आता एकच नाव असायला हवं होतं.

दोन होती. खालचं सत्तेचाळीस.

हे कसं, असा विचार करायला तिच्यापाशी वेळ नव्हता, आणि खरं तर तिला तो करायचाही नव्हता. तिनं खालचं नाव निवडलं. ओळी धावल्या. एकेक काम जागं झालं. फोनमध्ये सिस्टर मोठ्यानं श्वास सोडत म्हणाली, "आला. पडदा आला, मॅडम. नऊची रेषाही आली. छान चाललीय."

तीन वीस झाले होते. तिनं डिस्कचा तो छोटा कोपरा उघडून पाहिला. तिथे नवा होता, अर्धवट. सत्तेचाळीस नव्हता. तिनं पुन्हा पाहिलं. नव्हता. कोण चालू आहे, असं मशीनला विचारलं. मशीननं उत्तर दिलं, सत्तेचाळीस.

वहीसाठी तिनं कपाटावर हात नेला. वही तिथे नव्हती.

वर गेली तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. नवरा औषध आणायला धावला होता. सासूबाई उशीला टेकून होत्या, चेहरा पांढुरका, पण शांत. मॉनिटरवर हिरवी रेषा एका चालीनं उड्या मारत होती. ती स्टूल ओढून बसणार होती, पण स्टूल आधीच खाटेला अगदी चिकटवून ठेवलेलं होतं आणि त्याला बामचा वास येत होता, म्हणून ती उभीच राहिली.

"तुमच्याकडचा माणूस येऊन गेला," सासूबाई म्हणाल्या.

"कोण माणूस, आई?"

"वाळकासा. कपाळाला बाम फासलेला, वासानं मला शिंकच येणार होती. डोळ्यांपुढे सगळा अंधार झाला ना, तेव्हा आला आणि इथे बसला. हातात वही. फार अदबीनं बोलला हो. मला विचारलं…"

"काय विचारलं?"

"रद्द करू का, म्हणाला." सासूबाईंनी आठवून पाहिलं. "मला वाटलं चहाचं विचारतोय. तो डॉक्टर म्हणाला होता ना चारला अर्धा कप द्या. मी म्हटलं, नाही, रद्द कशाला? त्यानं दोनदा विचारलं, बरं का. नक्की ना, म्हणून. मी म्हटलं, नक्की. मग लिहून घेतलं लाल पेननं."

तिनं सासूबाईंचं मनगट धरलं. बोटं सिस्टर ठेवते तिथे ठेवली. जरा सरकवून ठेवली. दाबून ठेवली. हात उबदार होता. मॉनिटरवर रेषा उड्या मारत होती. बोटांखाली काही हालत नव्हतं.

"घाबरलीस की काय?" सासूबाई म्हणाल्या. "मला आता अगदी हलकं वाटतंय. छातीतलं दुखणंच गेलं." त्यांनी जांभई दिली. पापण्या जड होत होत्या. "जरा डोळा लागतोय बघ. आता मी झोपायला हरकत नाही ना?"

तिनं तोंड उघडलं. हो म्हटलं तर हरकत नाही. नाही म्हटलं तरी हरकत नाहीच.

"आई," ती म्हणाली, "मला दूध हवं होतं."

"अं?"

"लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. तुम्ही विचारलंत तेव्हा. मला रोज झोपताना लागतं. साखर घालून."

सासूबाईंनी डोळे उघडले. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "आणि चार दिवस मी उरलेल्या दुधाचं दही लावत बसले. मग तसं सांगायचं नाही का?"

"सांगते ना. सगळं सांगते. आधी तुम्ही सांगा, ते दही काय केलंत?" ती मनगट न सोडता म्हणाली, आणि सासूबाई सांगू लागल्या. ती मध्येमध्ये पुढचा प्रश्न विचारत राहिली, सरळ प्रश्न. नवरा औषध घेऊन आला, त्याला तिनं हातानंच पलीकडे बसायला सांगितलं. खिडकीबाहेर ऊन उतरायला लागलं होतं. बामचा वास स्टुलावर तसाच बसून होता. अजून उठला नव्हता.