कडेकडेनं चला

शुश्रूषागृहाच्या मोठ्या हॉलच्या जमिनीवर निळं लिनोलियम अंथरलेलं होतं, आणि तिथं राहणाऱ्या म्हाताऱ्या बाई काही केल्या त्यावर पाय ठेवत नव्हत्या. जेवायला जायचं तर हॉल ओलांडावाच लागे. बाई भिंतीला हात लावून कडेकडेनं जात, आणि कुणी मधून न्यायला लागलं की असा आरडाओरडा करत की नेणाऱ्याच्या नाकी नऊ येत. आधीच्या नर्सनं यावर सोपा उपाय काढला होता. दुपारची एक झोपेची गोळी. मग बाई दिवसभर खुर्चीत, हनुवटी छातीला टेकलेली, लाळ गळ्यावर. हॉल शांत आणि सगळे खूश.

नवी सिस्टर मात्र वेगळ्याच मातीची होती. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला काय काय आठवत नाही, हे ती शेवटी विचारायची. आधी विचारायची, हा माणूस होता कोण? बाईंच्या लेकीला तिनं जिन्यातच गाठलं.

“आई काय करायच्या हो तुमच्या?”

“पोहायला शिकवायची. तलावावर, रिटायर होईपर्यंत. एकही पोर बुडू दिलं नाही तिनं.” लेक हसली आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले. “आता मला ओळखत नाही. पण मी पाणी प्यायला लागले ना, की म्हणते, नाक धर.”

सिस्टरनं कपाळावर हात मारून घेतला. अरे देवा, बाईंचं काय चुकत होतं? समोर एवढं निळं पाणी दिसत असताना कपड्यांनिशी उतरेल कोण?

तिनं डॉक्टरांशी भांडून गोळी बंद करून घेतली. बाईंच्या गळ्यात लाल दोरीची शिट्टी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला, भिंतीशी एक उंच स्टूल ठेवलं. बाई त्यावर चढून बसल्या, हॉलवरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, “उशीर झालाय. चला, बूट काढा सगळ्यांनी.”

तेव्हापासून रोज दुपारी वर्ग भरू लागला. हॉलच्या कडेनं खुर्च्या, खुर्च्यांत म्हातारेकोतारे, सगळ्यांचे अनवाणी पाय हवेत. “गुडघ्यातून नाही, मांडीतून मारा!” बाई ओरडायच्या. कित्येक महिने तोंड न उघडलेले घड्याळवाले आजोबा एकदा खदखदून हसले. बाई आपल्या हातानं जेवू लागल्या. वर्ग सुटताना त्या न चुकता विचारायच्या, “सगळे वर आले? एकेक डोकं बघून घ्या.”

मग सफाईवाल्या मावशींची कुरकूर सुरू झाली. “सिस्टर, कडेची फरशी रोज ओली. मधली ठणठणीत कोरडी. तो प्लंबर सगळे पाईप ठोकून गेला, म्हणतो गळती नाहीच. मग काय भूत सांडतंय का पाणी?”

सिस्टरनं हसण्यावारी नेलं. पण हॉलमध्ये क्लोरीनचा वास येत होता, हे तिच्याही नाकाला कळत होतं. वर्ग सुटल्यावर घड्याळवाल्या आजोबांची नाडी बघायला तिनं हात धरला, तर त्यांच्या बोटांची टोकं सुरकुतून पांढरी पडलेली, फार वेळ पाण्यात राहिल्यावर पडतात तशी. आणि एका ढगाळ दुपारी, पडदे ओढलेले, दिवे बंद, तरी छतावर उजेडाच्या लाटा हलत होत्या.

सिस्टरनं खाली बसून लिनोलियमवर तळहात टेकवला. गार, कडक, कोरडं. लिनोलियमच होतं ते! तरी त्या दिवसापासून तीही कडेनं चालू लागली. कुणी विचारलं की म्हणायची, सवय लागलीय.

अशात साहेब आले. साहेब म्हणजे संस्थेचे व्यवस्थापक. चकचकीत काळे बूट, आवाजात साखर.

“सिस्टर, हा काय तमाशा लावलाय? शिट्ट्या काय, ओल्या फरशा काय! उद्या कुणी घसरलं तर? ती शिट्टी काढून घ्या आणि गोळी सुरू करा.”

“शिट्टी मी काढणार नाही,” सिस्टर म्हणाली. “आणि गोळी तर नाहीच नाही. गोळी दिलीत की बाई उरत नाहीत, नुसती खुर्ची उरते. हवं तर मला काढा.”

“तेही बघू,” साहेब म्हणाले, आणि वर्ग चालू असतानाच हॉलच्या मधून तरातरा निघाले.

“अहो, बूट घालून कुठे?” बाई ओरडल्या. “तिकडे खोल आहे!”

साहेबांनी त्यांच्या गळ्यातून शिट्टी ओढून काढली. बाई रडल्या नाहीत की भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “आता कुणी बुडालं तर मी काय वाजवू?”

साहेब वळले. पुन्हा मधूनच.

अर्ध्यावर ते थांबले.

त्यांच्या टाचा उचलल्या गेल्या. मान ताणली गेली. हात वर गेले आणि शिट्टी निसटली. ती पडल्याचा आवाज झाला नाही.

साहेबांचं तोंड उघडं होतं. त्यातूनही आवाज येत नव्हता.

सिस्टर धावली. कडेला येऊन ती पुढे वाकली.

“तू नको उतरू!” बाई कडाडल्या. “काठी दे!”

उंचावरच्या खिडक्यांच्या झडपा उघडायची, भिंतीला टेकवलेली लांब काठी सिस्टरनं त्यांच्या हातात दिली. बाईंनी ती पुढे सरकवली. “धर! पाय मार! मांडीतून मार!”

साहेबांनी काठी धरली. दोघींनी ओढलं.

ते भिंतीशी येऊन कोसळले. कपडे कोरडे. खोकता खोकता त्यांनी ओंजळभर पाणी ओकलं. एका पायात बूट नव्हता. मग ते भिंत धरून, कडेकडेनं, दारापर्यंत गेले.

बूट हॉलमध्ये कुठेच नव्हता. शिट्टी मात्र दिसत होती, अगदी मधोमध. सिस्टर वाकून बघत राहिली. शिट्टी फरशीवर नव्हती, फरशीखाली होती. फार लहान दिसत होती, आणि किंचित हलत होती.

“दिसतंय त्याहून खोल आहे,” बाई शेजारून म्हणाल्या. “काढू आपण. दम टिकतो अजून माझा.”

सिस्टरनं संध्याकाळी नवी शिट्टी आणून त्यांच्या गळ्यात घातली.

सकाळी ती चहा घेऊन खोलीत गेली, तेव्हा बाई गाढ झोपल्या होत्या. केस ओले, उशी ओली, चेहरा कमालीचा खूश. गळ्यात दोन शिट्ट्या. आणि पलंगाखाली, नीट भिंतीकडे टोक करून ठेवलेला, एक चकचकीत काळा बूट.

बुटात काठोकाठ पाणी होतं.

सिस्टरनं ते मोरीत ओतलं, बूट टेबलावर ठेवला आणि साहेबांना फोन लावला.

“साहेब, बूट सापडलाय तुमचा. या की घ्यायला. बाईंची गोळीही घेऊन या, आपल्या हातानं द्या. वर्ग दुपारी असतो.”

पलीकडून नुसता खोकला ऐकू आला, ओला, आणि मग फोन बंद झाला.

सिस्टर हसली. फोन ठेवायला वळली, तर टेबलाच्या कडेवरून थेंब थेंब पाणी खाली पडत होतं. बूट पुन्हा भरला होता.