आंब्याखाली सांगितलेलं

रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाची घंटा होण्याआधीच रूपलीबाई दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसली होती.

"रेमज्याला नेलं," ती म्हणाली. "पहाटेच. अक्कलकुव्याच्या कोठडीत."

मोतीबाईने हातातली पट्टी खाली ठेवली. मोलगीच्या वाटेवरच्या त्या पाड्यातला मिशनचा दवाखाना ती एकटी सांभाळायची. रेमज्या हा रूपलीचा भाऊ. सरकारी जंगलातले साग तोडल्याबद्दल त्याच्यावर वॉरंट होतं.

"कुठे सापडला?"

"माझ्या घरात. रिकाम्या कणगीत."

"सगळं घर धुंडाळलं असेल."

"नाही. शिपाई दारातून सरळ कणगीकडे गेले. माळ्याकडे कुणी मान वर करूनही पाहिलं नाही."

दुपारी पंच बसणार होते. बहिणीनेच भावाला धरून दिला, असं माहेरचे म्हणत होते. तसं ठरलं तर रूपलीला माहेरचं दार कायमचं बंद.

"कणगीचं कुणाला सांगितलंस?"

"काल आंब्याखाली. भाऊ इथे नाही, असं शिपायाला खोटं सांगितलं होतं. ते पाप कबूल करताना कणगीचंही बोलून गेले."

प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी मंडळीतल्या बायका दोघी-दोघी आंब्याखाली बसत आणि एकमेकींजवळ पाप कबूल करत.

"जोडीला कोण होतं?"

"सुंदरबाई."

म्हणजे कुणीच नाही. सुंदरबाई नंदुरबारजवळच्या कोरीटची, अहिराणी बोलणारी, जंगलनाक्यावरच्या कारकुनाची बायको. सहा वर्षं झाली तरी तिला भिलीचा एक शब्द येत नव्हता. म्हणून तर सगळ्याजणी तिचीच जोडी मागत. माणसासमोर बोलायचं एवढाच नियम. त्या माणसाला ते कळलंच पाहिजे असं कुठे होतं? मोतीबाईही तिच्याच पुढ्यात बसत आली होती.

रूपलीची शेजारीण भिकुबाई मात्र सगळं बघत असायची. मोतीबाईने तिला गाठलं.

"रेमज्याला येताना पाहिलं मी," भिकुबाई म्हणाली. "पण तो कणगीत शिरला हे मला काय ठाऊक? मी काय तिच्या घरची मांजर आहे?"

तिला बरोबर घेऊनच मोतीबाई सुंदरबाईकडे गेली. सुंदरबाई गोणपाटात भांडी बांधत होती. नवऱ्याची नंदुरबारला बदली झाली होती.

"कधी कळलं?"

"आत्तेच साहेब सांगी ग्यात."

"काल रूपली काय म्हणाली?"

"माले काय समजस, बहीन? ती बोलनी, मी मान हालाई. आमीन म्हनं, तेवढंच समजनं."

भिकुबाई उंबऱ्यावर टेकली होती. "घसा वाळला," ती भिलीत पुटपुटली, "पण बदलीवाल्यांकडे पाणी कोण विचारतं." सुंदरबाईने गाठ अर्धी सोडून तांब्या भरला, तिच्यापुढे ठेवला आणि पुन्हा भांड्यांकडे वळली.

मोतीबाई उठली. दोन वर्षांपूर्वी आंब्याखाली आपण काय बोललो, ते तिला शब्दन्‌शब्द आठवलं.

दुपारी तिने सुंदरबाईलाही पंचांसमोर बोलावलं आणि चुगली करणारी म्हणून तिचं नाव घेतलं. म्हातारे पंच हसले.

"नर्सबाई, जिला आपली भाषा येत नाही ती चुगली काय करणार?"

"मग आणखी एक ऐका," मोतीबाई भिलीत शांतपणे म्हणाली. "भिकुबाईचा नातू तापाने गेला नाही. सुंदरबाईने त्याला चुकीच्या बाटलीतलं औषध पाजलं."

"खोटं," सुंदरबाई ताडकन म्हणाली, तीही भिलीत, पाड्यात जन्मल्यासारखी. "औषध तू पाजलंस. आंब्याखाली तूच रडत सांगितलंस मला."

"तिचं खरं आहे," मोतीबाई म्हणाली. "खोटं मी बोलले, तिला बोलतं करायला. रूपलीने कणगीचं एकाच माणसाला सांगितलं होतं. शिपाई थेट कणगीकडे गेले आणि त्याच सकाळी हिच्या नवऱ्याला बदली मिळाली. तरी हिला भाषा येत असेल, असं माझ्या मनात आलं नाही. मग भिकुबाईने भिलीत तहान बोलून दाखवली, आणि हिने तांब्या पुढे केला. सहा वर्षं आपण बोलत गेलो आणि ही ऐकत गेली."

सुंदरबाईने पदर तोंडाशी धरला. "आठे मन्हा जीव रमना नही," ती म्हणाली. "माले मन्हा गावकडे जानं व्हतं."

रूपलीचा काका उठला, पुतणीजवळ गेला आणि "घरी चल," म्हणाला. माणसं पांगली.

भिकुबाई तेवढी जागची हलली नाही.

"पोराला पुरलं तेव्हा तू माझा हात धरून बसली होतीस," ती मोतीबाईला म्हणाली. "दर महिन्याला आंब्याखाली मीही असायची. माझी जोडी का नाही मागितलीस?"

"तुला समजलं असतं," मोतीबाई म्हणाली.