एक शे

त्याने माझ्या डोक्यावर केळीचं पान धरलं, तेव्हा मला त्याचं नावही ठाऊक नव्हतं. श्रावणातली सर अचानक आली. पुस्तक पदराखाली दडवून मी बागेतून पळत होते... आणि हा उंच, सावळा तरुण स्वतः भिजत माझ्याबरोबर चालू लागला.

"आबांच्या बागेतलं पान कापलंत?" मी दरडावलं.

"तुटेल व्हतं," तो हसला. "तुम्ही सुगंधा ना? अमेरिकाले जानारी?"

मी थबकलेच. सावद्यात मला एकच प्रश्न विचारत— "नापास झाली का व?" खरं तर पुण्यात मी इंटर पहिल्या वर्गात पास झाले होते. अमेरिकेतल्या कॉलेजाने पुढच्या वर्षाची जागाही दिली होती. पण आबा म्हणाले, "पुन्याले राहून तू पाव्हनीच झाली. एक वरीस घरी लेक हो, मंग जाय." म्हणून मी घरी. लोकांच्या मते घरी बसलेली शिकलेली मुलगी एक तर नापास, नाहीतर लग्नाची.

तो लीलाधर, दोंडाईच्याचा, आबांच्या मित्राचा मुलगा. केळीची शेती शिकायला आला होता. त्याला मात्र माझ्या जाण्याचं भारी अप्रूप! "समुद्रमा मळमळ व्हई तं?" विचारायचा. मग स्वतःच सांगायचा, "लिंबूनं लोनचं लई जा." तो घड खांद्यावर घेऊन निघाला की मी पुस्तकाचं पान उलटायला विसरे. सांगून टाकते, मला तो फार आवडायचा.

दिवाळीनंतर एकदा मी थट्टेचा आव आणून विचारलं, "दोंडाईच्याला कोणी वाट पाहतंय का?"

"तठे नई." त्याने मान खाली घातली. "पन... मनमा एक शे."

एकशे! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मनात शंभर पोरी बाळगतो, वर लाजतो! मी बोलणंच टाकलं. तो बिचारा बागेत दिसला की मी वाट बदलायची.

पुढे एका दुपारी तो आमच्याकडे जेवत होता. आईने विचारलं, "लीलाधर, ताटात भाकर हाये का रे?"

"एक शे, मावशी."

मी पाहिलं. ताटात एकच भाकरी होती.

त्यांच्या अहिराणीत 'आहे'ला 'शे' म्हणतात... माझ्या हातातलं ताक सांडलं. "ध्यान कुठी हाये व तुझं?" आई ओरडली.

संध्याकाळी त्याला विहिरीपाशी गाठलं. "ती एक... कोण?"

"म्हनीसन राग उना व्हता का?"

"मी शंभर ऐकल्या!"

तो पोट धरून हसला. मग हळूच म्हणाला, "शंभर कोठे? एकच. ती बी जहाजमा बठीसन चालनी."

"मग नाही जात मी," म्हणून गेले. त्या क्षणी मला खरंच दुसरं काही नको होतं.

त्याचा चेहरा पडला. "असं नका. आमना गावमा कोनी जहाजमा बठेल नई. तुम्ही बठा. मी बठ्ठास्ले, आख्खा गावले सांगसू."

असा माणूस मी पाहिला नाही. दुसरा कुणी 'राहा' म्हणाला असता, मी राहिलेही असते, आणि जन्मभर त्याच्यावर रुसले असते.

वर्ष सरलं. मुंबईपर्यंत आबा सोबत येणार होते. सावदा स्टेशनावर लीलाधर खिडकीशी उभा होता, लोणच्याची बरणी घेऊन. बरणी देताना त्याची बोटं जरा जास्तच रेंगाळली.

"तिकडे विचारतील, मागे वाट पाहणारं कोण आहे," मी म्हणाले. "काय सांगू?"

गाडी हलली. "सांग—" तो पहिल्यांदाच मला 'तू' म्हणाला, "एक शे."

माझे डोळे भरून आले. एक बोट वर करून मी त्याच्याच बोलीत ओरडले, "मना बी मनमा... एक शे!"

शेजारी बसलेले आबा दचकले. "एकशे काय व? घड?"

"नही आबा," मी डोळे पुसत हसले. "एकच."