पुढचा हुकूम होईपर्यंत

लाइट इतक्यात येत नाही. मुरलीपुऱ्यात मे महिन्यात एकदा गेली की दोन तास विसरायची. संकेत, तो मोबाईल खाली ठेव, डोळ्यांवर येतो. ज्ञानदा, कठड्याला टेकू नकोस, इकडे सतरंजीवर ये. मघापासून भुताचं सांगा, भुताचं सांगा म्हणून दोघं माझा जीव खाताय ना, मग ऐका. पण हे ऐकीव नाही. जिच्या बाबतीत घडलं ती बाई तुमच्या चारुलता आजीची शाळेतली मैत्रीण, आणि त्या रात्री खालच्या दाराची कडी मीच काढली होती.

तारीख एकवीस मे दोन हजार पंचवीस. बुधवार. निमित्त काय, तर बिबड्यांचा डबा. ज्वारीच्या बिबड्या, तुम्ही पापड म्हणून कुरुमकुरुम खाता त्याच. इंदुमतीबाईंनी आजीसाठी त्या उन्हात वाळवून, स्टीलच्या डब्यात भरून आणल्या होत्या. आमेरहून परतताना डबा आपल्या घरी द्यायचा, पाणी प्यायचं आणि खातीपुऱ्याला मुक्कामी जायचं. एवढंच काम होतं.

इंदुमतीबाई मलकापूरच्या. नवरा, पंडित, रेल्वेत गँगमन, म्हणजे रुळांची दुरुस्ती करणारा. एका पहाटे कोणीतरी घाईत हिरवा दिवा दाखवला आणि तो रुळावरच गेला. त्याच्या जागी बाईंना अनुकंपेवर नोकरी मिळाली, फाटकावर. आडरानातल्या त्या फाटकात त्यांनी अठ्ठावीस वर्षं काढली. रात्रपाळ्या, साप, दारुडे, ट्रकवाले, सगळे निस्तरले. बाईंनी लाल धरलं की केवढाही मिशीवाला ट्रकवाला मुकाट थांबायचा. हिरव्यावर मात्र त्यांचा भरवसा कायमचा उडाला होता.

रिटायर झाल्यावर त्यांनी मुलाला सांगितलं, आता मला फिरव. गुडघे दुखतात, ऊन लागेल, असं मुलगा म्हणाला. बाई म्हणाल्या, "अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या जाताना पाह्यल्या. आता मी जाणार. तू येत नसशील तर एकटी जाते." संपलं. मुलगा प्रबुद्ध, हाही रेल्वेतच, भुसावळला असिस्टंट लोको पायलट, म्हणजे इंजिन ड्रायव्हरचा जोडीदार. सून गौतमी आणि आठ वर्षांची नात अक्षदा. भुसावळहून कार काढली, इंदूर, कोटा करत, ओळखीपाळखीच्या घरी उतरत इथे जयपूरला आले. खातीपुऱ्याला पंडितचा जुना सोबती रणजीत राहतो, त्याच्या क्वार्टरवर मुक्काम. बाईंजवळ एक शंभर पानी वही होती. फाटकाच्या रजिस्टरची सवय, जाते कुठे? इतक्या वाजता सुटलो, इतक्या वाजता पोचलो, सगळं त्यात लिहायच्या.

दोन दिवसांत शहरातली म्युझियमं पालथी घातली. अल्बर्ट हॉलमधली ममी बघून अक्षदाने बापाला हैराण केलं. ती उठते का, रात्री काय करते? आजीने एका वाक्यात निकाल लावला. "मेलेला माणूस काचेत ठेवला काय आन् मातीत ठेवला काय, उठत नाई तो. भूत-बित आपल्यात कोणी मानत नाई."

तिसऱ्या दिवशी आमेर. किल्ला झाला. मग बाजारामागच्या एका जुन्या घरात गेले. कोणा हौशी माणसाने तिथे तीन खोल्यांचं म्युझियम मांडलं होतं. आता बंद आहे, शोधायला जाऊ नका. भांडी, कुलपं, तराजू, आणि शेवटच्या खोलीत रेल्वेचं सामान. तिथे स्टुलावर एक हातबत्ती होती. रॉकेलवर चालणारी, वरची टोपी फिरवली की आतली काच बदलते, लाल, हिरवी, पांढरी. बत्ती लालवर होती. शेजारी फ्रेममध्ये जुन्या हजेरीचं एक पान, आणि त्यावर ओळीने काळे अंगठे. सगळे एकाच माणसाचे, कारण प्रत्येक ठशात मधोमध एक तिरकी चीर होती.

अक्षदा रेल्वेची नात. तिने बत्ती बघितली, आणि आजीने शिकवल्याप्रमाणे टोपी फिरवली.

खट्... हिरवं.

"बेटा, हरा नहीं!" म्हणत म्हातारा राखणदार धावत आला. त्याने टोपी उलटी फिरवायचा प्रयत्न केला, पण ती अडकली ती अडकलीच.  "इसको हम लाल पर ही रखते हैं जी," तो म्हणाला.

"काहून?" बाईंनी मराठीतच विचारलं.

त्याने सांगितलं ते असं. बत्ती आणि हजेरीवरचे अंगठे दशरथ नावाच्या सांधेवाल्याचे, म्हणजे रूळ बदलणाऱ्याचे. छोट्या लाइनीच्या, म्हणजे मीटरगेजच्या काळातली गोष्ट. त्याची लहान मुलगी रोज रात्री रूळ ओलांडून त्याला जेवणाचा डबा आणून द्यायची. एका रात्री त्याने न बघता गाडीला हिरवा दाखवला. मुलगी रुळावर होती... पुढे तो फार दिवस जगला नाही. पण बत्ती हिरवी झाली की तो निघतो म्हणे. मुलीला आणायला. राखणदाराने अक्षदाकडे एकदा बघितलं आणि हात जोडले. "अंधेरे से पहले घर चले जाइए, बहनजी."

गौतमी लगेच दाराकडे निघाली. पण इंदुमतीबाईंचं डोकं फिरलं. अंधाराला भिऊन कोणी पळ म्हटलेलं त्यांना कधी खपलं नव्हतं. "अंधार पडला म्हणून मी कधी फाटक सोडलं नाई. आज काहून सोडू? किल्ल्यावरचा लाइट-शो पाहू, जेवू, मंग निघू." आणि सगळे थांबले. हे लक्षात ठेवा. बाईंच्या शब्दावर थांबले.

आमेर सोडलं आठ पंचावन्नला. वहीत तसं लिहिलंय. आपल्या घराकडे, सीकर रोडला निघायचं म्हणून प्रबुद्धने डोंगरामागचा रस्ता धरला. गौतमी पुढे बसलेली. मागे आजी आणि नात. बिबड्यांचा डबा अक्षदाच्या मांडीवर. चंद्र नव्हता. रस्त्याला दिवे नव्हते. काचा खाली होत्या आणि गरम वारा आत येत होता.

पहिल्यांदा अक्षदालाच दिसलं.

"आजी, मागे हिरवा."

बाईंनी वळून पाहिलं. लांब मागे एक हिरवा ठिपका. वर-खाली, सावकाश हलत होता.

"स्कूटर असेल कोणाची," प्रबुद्ध म्हणाला.

स्कूटरचा दिवा वर-खाली हलत नाही, तशी हलते गाडीला ‘सावकाश ये’ सांगणारी बत्ती, हे त्यालाही ठाऊक होतं.  बाईंनी काच वर केली. अक्षदाने हात उचलला आणि तसाच, सावकाश, वर-खाली हलवला.

"काय करतेस?"

"तो दाखवतोय ना, आजी. मतलब आपण पण दाखवायचा."

बाईंनी तिचा हात धरून खाली घेतला. हात थंडगार होता. बाहेर चाळीस डिग्री, आणि पोरीचा हात थंडगार.

वळण आलं. मागचा दिवा दिसेनासा झाला. गौतमीने सुटकेचा श्वास सोडला... आणि दिवा पुढे दिसला. रस्त्याच्या डाव्या अंगाला. स्थिर. हिरवा.

इथे प्रबुद्ध चुकला. दुसरा कोणी ड्रायव्हर असता तर त्याने जोरात गाडी पळवली असती. पण हा रेल्वेचा माणूस, हिरवा दिसला की तिकडे जायचं, हे हाडात मुरलेलं. त्याने स्टिअरिंग डावीकडे वळवलं. गौतमी ओरडली, "अहो, रस्ता तिकडे नाहीये!" तोवर गाडी उतरली होती. चाकांखाली खडी. रुळाखाली घालतात तसली, जाड. थोडं पुढे गेली आणि इंजिन बंद पडलं. हेडलाइट विझले. पुन्हा चावी फिरवली. काही नाही.

दिवा येत होता.

पावलं ऐकू येत नव्हती. नुसता दिवा. माणसाच्या हाताच्या उंचीवर.

अक्षदाने दार उघडलं. लॉक होतं, तरी उघडलं. डबा दोन्ही हातांत उचलून धरला. आणि तिच्या तोंडून जो आवाज आला, तो तिचा नव्हता.

"बापू... खाना लाई हूँ।"

गौतमी सीटमध्ये मागे वळली.  प्रबुद्धचे हात स्टिअरिंगला चिकटून राहिले. इंदुमतीबाईंनी नातीची कंबर धरली. तिला आत ओढू लागल्या. आठ वर्षांची पोर, पण ओढवेना. जणू पलीकडूनही कोणीतरी धरलं होतं.

"गौतमी! धर हिले. सोडायचं नाई. काही झालं तरी सोडायचं नाई."

आईने मागे झेप घेऊन पोरीला मिठी मारली. आणि बाई खाली उतरल्या.

मला त्यांनी खरं सांगितलं. भीती वाटली.  पण भीतीपेक्षा राग मोठा होता. आपणच थांबू म्हणालो होतो. आणि पुन्हा एकदा, त्या पहाटेसारखं, कोणीतरी हिरवं दाखवून आपलं माणूस न्यायला आलं होतं.

"थांब," त्या म्हणाल्या.

दिवा थांबला नाही.

"ही तुही पोरगी नाई. तुही गेली. ही माही हाय. थांब!"

वीस पावलं... पंधरा... रॉकेलचा वास आला.

जवळ लाल काही नव्हतं. झेंडी नाही, बत्ती नाही. पदर तोही पांढरा. होता फक्त मोबाईल. आणि तेव्हा त्यांना नियम आठवला. रेल्वेचा प्रत्येक माणूस तो पहिल्या आठवड्यात शिकतो. लाल नसेल तर पांढरा दिवा घ्यायचा आणि अंगासमोर जोरजोरात आडवा हलवायचा. तेच लाल. त्याच्यापुढे कोणी जात नाही. ड्रायव्हर नाही, साहेब नाही, कोणीच नाही.

बाईंनी टॉर्च लावला. हात पूर्ण लांब केला. हलवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत. पुन्हा. पुन्हा. खांदा उखडेल असं वाटलं तरी हलवत राहिल्या.

"भूत मी मानत नाई!" त्या ओरडत होत्या. "पण सिग्नल मानते! तू बी रेल्वेचा माणूस! तुले बी मानाच लागल! लाल हाय! लाल!"

दहा पावलं.

दिवा थांबला.

सगळं शांत. टॉर्चच्या उजेडात समोर काहीच दिसत नव्हतं... फक्त दिव्याभोवतीची जागा जास्त काळी होती. बाई हात हलवतच होत्या. किती वेळ, त्यांना सांगता आलं नाही. मग...

खट्.

हिरवं गेलं. लाल झालं.

मागे अक्षदा मोठ्याने रडायला लागली. तिच्याच आवाजात. प्रबुद्धने चावी फिरवली आणि इंजिन लागलं. बाई एकेक पाऊल मागे येत गाडीत बसल्या. त्या लालकडे पाठ त्यांनी एकदाही केली नाही.

गाडी रस्त्यावर चढल्यावर त्यांनी घड्याळ पाहिलं, वही काढली आणि छोट्या दिव्यात, हलत्या गाडीत लिहिलं. ती वही मी नंतर वाचली आहे, शब्द न् शब्द पाठ आहे. "रात्री ९.४२. जागा माहीत नाही. लाल दाखवलं. दशरथ सांधेवाला याने पुढचा हुकूम होईपर्यंत जागेवर थांबणे." खाली सही, इंदुमती, गेटमन. आणि त्याखाली सवयीने एक कोरी रेघ ओढली. रेल्वेत लेखी हुकूम दिला की घेणाऱ्याची सही लागते ना, तिच्यासाठी.

साडेदहाला आपली कडी वाजली. मी दार उघडलं. पोर आईच्या खांद्यावर झोपलेली. प्रबुद्ध पांढरा पडलेला. इंदुमतीबाईंनी माझ्या हातात डबा दिला आणि म्हणाल्या, "उशीर झाला, जयंतभाऊ. बिबड्या मोडल्या असतील." मग त्या तिथेच पायरीवर बसल्या. त्या रात्री कोणाला खातीपुऱ्याला जाऊ दिलं नाही. बाई खालच्या खोलीत झोपल्या. वही त्यांच्या पिशवीत, चेन लावून. पिशवी उशाखाली. दाराला आतून कडी. मी सांगतोय ते नीट ऐका, आतून कडी.

सकाळी सहाला आजीने चहा ठेवला. बाई येऊन टेबलाशी बसल्या आणि दिवसाची पहिली नोंद करायला त्यांनी वही उघडली. उघडली आणि तशाच बसून राहिल्या. मी शेजारी होतो, वाकून बघितलं.

त्या कोऱ्या रेघेवर अंगठा उठला होता. काजळीचा. मधोमध तिरकी चीर.

मी आजीचे अंगठे बघितले, माझे बघितले, प्रबुद्धला उठवून त्याचे बघितले. सगळे स्वच्छ. इंदुमतीबाईंनी कोणाचेच बघितले नाहीत. त्यांनी चहाचा कप पुढे ओढला.

"घेतला म्हणायचा हुकूम," त्या म्हणाल्या. "आता राह्य म्हणा तिथंच. माह्या हातून हिरवं काही व्हत नाई."

वही मिटण्याआधी त्यांनी त्या ठशाला बोट लावलं. बोट काळं झालं. ठसा अजून ओला होता.