एका वाक्यावरचा टूं

मार्च महिना, पण सर्बियातल्या वर्शात्स गावात कोशावा वारा असा पिसाटला होता, की टीव्ही वाहिनीच्या छोट्या कचेरीचं दार उघडलं आणि माणसाच्या आधी त्याची टोपीच आत आली. थेट विदाच्या टेबलावर.

"माफ करा... टोपी माझी आहे," मागून आलेला तरुण म्हणाला. त्याच्या बोटांवर माती वाळलेली होती. "मी लाझार. घरं उबदार करणाऱ्या शेगड्या बांधतो. शिव्यांवर टूं वाजवणारं माणूस कोण?"

"मीच. तक्रार असेल तर रांगेत उभे राहा."

"रांगेत मी एकटाच आहे."

"मग लवकर नंबर लागला म्हणायचा!"

तो हसला. ते हसू विदाला आवडलं... आणि आवडलं म्हणून स्वतःचाच राग आला.

लाझारचे वडील मिलोये चाळीस वर्षं द्राक्षमळ्यात राबले. गेल्या तोडणीच्या वेळी वाहिनीवर दोन मिनिटं बोलले आणि जानेवारीत गेले.

"संध्याकाळच्या बातम्यांत बाबा अख्खे ऐकू आले," लाझार म्हणाला. "सकाळी तेच पुन्हा दाखवलं, तर टूं! तोच शब्द संध्याकाळी चालतो आणि सकाळी चालत नाही?"

"साहेबांचा नियम," विदा ओशाळली. "सिनेमात सैनिकानं दिलेली शिवी चालते. फुटबॉलमधली ऐकूच आली नाही असं समजायचं. सकाळी मात्र 'गाढव'सुद्धा कापायचं. परवा गुरांच्या डॉक्टरांच्या मुलाखतीत मी अकरा टूं वाजवले."

"शिवीचं राहू द्या हो. तुमच्या टूंखाली माझ्या आईचं नाव गेलंय."

विदानं ती फीत लावली. सुरकुतलेला मिलोये हसत म्हणत होता, "टूंऽऽ नसती, तर या वेली मी कधीच उपटल्या असत्या."

"शिवीपुढे ते म्हणाले होते, 'माझी झोर्का नसती तर'. संध्याकाळी मी ऐकलंय. पण आई तेव्हा मळ्यात होती, तिच्याकडे सकाळचीच फीत आहे. माझ्यावर तिचा विश्वास नाही. म्हणते, 'बाटली नसती तर' म्हणाला असेल!"

विदाला हसू आलं, पण ते लगेच मावळलं. तिचंच बोट बटणावरून अर्धा क्षण उशिरा उठलं होतं.

संध्याकाळची फीत कुणी जपून ठेवली नव्हती. विदा तीन दिवस कपाटं उपसत राहिली. लाझार रोज यायचा, कधी अक्रोड घेऊन, कधी नुसताच.

"आज काय निमित्त?" ती विचारायची.

"आज निमित्त सापडलं नाही... तसाच आलो."

चौथ्या दिवशी कॅमेरावाल्याच्या जुन्या पिशवीत मूळ चित्रण सापडलं.

रविवारी दुपारी झोर्काच्या स्वयंपाकघरात तिघं बसली. मिलोयेनं आधी सणसणीत शिवी हासडली आणि मग म्हणाला, "माझी झोर्का नसती, तर या वेली मी कधीच उपटल्या असत्या."

झोर्का रुमालाआड नव्हे, सगळ्यांसमोर रडली आणि रडता रडता हसली. "मेल्यानं चाळीस वर्षांत तोंडावर कधी सांगितलं नाही! लाव गं पोरी, पुन्हा लाव."

पाच वेळा लावलं. मग तिनं पाहुणचाराच्या रीतीप्रमाणे विदापुढे बिहीच्या फळांचा मुरंबा आणि पाण्याचा पेला ठेवला, तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"मावशी, आभार कसले? चूक माझीच होती."

"चूक झाली म्हणून तर तू या घरात आलीस, पोरी. देव तुझं भलं करो."

निघताना लाझार फाटकापर्यंत आला. वारा दोघांनाही ढकलत होता.

"तुमचे आभार मानायला मला शब्द नाहीत," तो म्हणाला. "मला फक्त शेगड्या बांधता येतात."

"मग बांधा ना... माझी खोली अजून गोठते."

"एवढंच?"

विदानं आत पाहिलं. खिडकीत झोर्का सहाव्यांदा तेच वाक्य ऐकत होती.

"नाही, एवढंच नाही," ती म्हणाली. "लाझार, तू मला आवडतोस. तोंडावर सांगून टाकते."

त्यानं तिचा गार हात आपल्या खरखरीत हातात धरला.

"मलाही तू आवडतेस. आणि मी हे उद्याही सांगणार... परवाही."